विलायतेच्या कथेला हुंकार

राही विलायतेहून परत आली तेव्हा जव्हारच्या खाचरांतलं भात पोटरीला आलं होतं. पुढे कापणी झाली, मळणी झाली, देवाला नवं दाखवून झालं, तरी लोकांचं विचारणं काही सरेना. पाणवठ्यावर, देवळात, मुलींच्या शाळेच्या दारात, जी भेटे ती तेच विचारी.

“काय गं राही, वरीसभर विलायतेला ऱ्हायलीस. काय शिकलीस?”

“वाङ्मय.”

“म्हंजी गं काय?”

“गाणी, गोष्टी, नाटकं. ती कशी रचतात, कशासाठी रचतात, ते.”

“अगं माझ्या माये! अन त्याच्यापायी समुद्र वलांडलास? आमच्या आतेला इचारायचं हुतंस. बसल्या जागी शिकवली असती, वर नागलीची भाकर दिली असती!”

राही हसून पुढे व्हायची. बाई खोटं बोलत नाही, हे तिलाही ठाऊक होतं.

ही गोष्ट जगातली दुसरी मोठी लढाई पेटायच्या आदल्या वर्षीची. राहीचा बाप सावळा मूळचा पोशेऱ्याचा, डोंगरातला शेतकरी. तरणेपणी राजाच्या पागेत घोड्यांची देखरेख करायला म्हणून जव्हारला आला आणि तिथलाच झाला. पागेच्या भिंतीपलीकडे दरबारची शाळा. घोड्याला दाणा घालता घालता पोर भिंतीवरून पाढे ऐकते हे बघून एका मास्तरांनी तिला आत बसवली. ती जी बसली ती उठलीच नाही. जव्हार झालं, पुणं झालं, तिथून परत येऊन शाळेत बाई झाली, आणि मग दरबाराने तिला एका वर्षासाठी विलायतेच्या विद्यापीठात वाङ्मय शिकायला धाडलं. सावळा ते बघायला राहिला नाही. आई सुकरी मात्र होती, आणि बंदरावर जाऊन आल्यापासून “आगबोट” हा शब्द ती दिवसातून दहांदा तरी उच्चारायची.

परत आल्यावर राहीचं एकच मागणं होतं. मोखाड्याला मुलींची शाळा निघावी आणि तिथे आपल्याला नेमावं. जव्हारात शाळा होती, पण डोंगरातल्या पोरींना जव्हार म्हणजे विलायतच.

दिवाणसाहेबांनी तिचं म्हणणं शांतपणे ऐकून घेतलं. माणूस वाईट नव्हता. पण प्रत्येक गोष्ट तागडीत घालून बघायची सवय.

“राहीबाई,” ते म्हणाले, “दुसरी संस्थानं आपली माणसं वकिली शिकायला धाडतात, डॉक्टरी शिकायला धाडतात. आपण तुम्हाला कविता शिकायला धाडलं. लोक विचारतात, मला उत्तर देता येत नाही. शाळेला दरबारची ना नाही. पण शाळा काढायची आणि भिंतींना शिकवायचं, असं होऊ नये. डोंगरातली माणसं मुली देतील का?”

“देतील, साहेब.”

“मग बाजाराच्या दिवशी आमचा मुक्काम मोखाड्याला आहे. सगळा डोंगर तिथे उतरतो. तुम्ही बोला. बाजार उठायच्या आत एक वर्ग भरेल एवढी घरं पुढे आली तर शाळा झाली म्हणून समजा. नाही आली, तर पुन्हा हा विषय माझ्याकडे आणू नका.”

राही “बरं” म्हणून बाहेर आली, आणि थेट लेले मास्तरांच्या घरी गेली.

लेले मास्तर, म्हणजे तिला भिंतीवरून उतरवून वर्गात बसवणारे तेच मास्तर, यांनी तिला भाषण लिहायला मदत केली. ‘स्त्रीशिक्षणाचे लाभ’. भाषण झकास झालं होतं. त्यात सूर्य उगवत होता, अंधार पळत होता, आणि प्रत्येक वाक्य आगगाडीएवढं लांब होतं.

बाजाराच्या आदल्या दिवशी मायलेकी बैलगाडीने निघाल्या. सुकरीने भाषण वाचून दाखवायला सांगितलं आणि पहिल्या वळणाला ती पेंगायला लागली.

“आये, झोपलीस?”

“नाय गं. डोळं मिटून ऐकत हुते.” मग थोड्या वेळाने, “राही, यातलं ‘उन्नती’ म्हंजी काय? कुनाची बाय हाय ती?”

राहीने कागद घडी घालून ठेवला.

मोखाड्याचा बाजार फुलला होता. सुक्या बोंबलांचे ढीग, मिठाच्या गोणी, काचेच्या बांगड्या, मडकी, कोयते. नवं भात हाती आलेलं, त्यामुळे माणसं खुशीत होती. वडाखाली दरबारच्या शिपायांनी सतरंजी अंथरली होती, दिवाणसाहेबांना खुर्ची होती, पुढे मेज, मेजावर झेंडूचा हार.

राही सतरंजीकडे चालली होती तेवढ्यात मागून हाक आली.

“ए सावळ्याच्या पोरी!”

पोशेऱ्याचा ढवळू पाटील. पांढऱ्या मिशा, खांद्यावर घोंगडी, कमरेला कोयता. आजूबाजूच्या पाड्यांत लग्न ठरायचं तरी ढवळूला विचारून आणि मोडायचं तरी ढवळूला विचारून. तो नाही म्हणाला की डोंगर नाही म्हणायचा. राही वाकून त्याच्या पाया पडली.

“बरा आहेस ना, काका?”

“काका? तुझा बा मला दादा म्हनायचा, म्हनून मी काका. हे तुला ध्यानात हाय, बरं हाय.” त्याने तिच्याकडे नीट बघून घेतलं. “ऐक. तू मागनं बोलशील त्या आधी मी आत्ता बोलतो. पोरी मी द्यायचा नाय, अन कुनाला देऊ द्यायचा नाय.”

“का पण?”

“शेळ्या कोन राखील, बारकी पोरं कोन सांभाळील, ते सोड. त्याला तोड निघंल. पन शिकलेली पोर घरी परत येत नाय. आली तर घराची लाज वाटते तिला. तुझा बा गेला जव्हारला, परत आला? तू गेलीस विलायतेला. काय आनलंस आमाला? अन आमची ऱ्हायलीस का तू?”

हे भांडण नव्हतं. खरं दुखत होतं ते त्याने बोलून दाखवलं होतं. सुकरी मात्र गप्प बसणारी नव्हती.

“आगबोटीत बसून परत आली ना ती, भावजी!”

“आगबोट परत आली गं,” ढवळू म्हणाला. “पोर आली का ते बघायचं हाय.”

लेले मास्तरांनी चार शब्द बोलून राहीला पुढे केलं. तिने कागद उघडला. “बंधूंनो आणि भगिनींनो, अज्ञानाच्या घनदाट अंधकारात ज्याप्रमाणे ज्ञानसूर्याचा प्रथम किरण...”

दुसरं वाक्य सुरू व्हायच्या आत मागची रांग बोंबलांकडे वळली. तिसऱ्या वाक्याला बायका बांगड्यांकडे वळल्या. पुढे बसलेली माणसं बसून होती, कारण शिपाई उभा होता. ढवळू पाटील वडाला टेकून, हाताची घडी घालून, अगदी निवांत उभा होता. त्याला काही करावं लागणारच नव्हतं. भाषणच त्याचं काम करत होतं.

खुर्चीत दिवाणसाहेबांनी घड्याळ काढून पाहिलं.

आपल्यातल्या कुठल्याही बाईला विचारा, अशा वेळी काय होतं ते. देवाचं नाव ओठावर येतं. राहीच्या ओठावर कणसरीचं आलं, धान्याच्या मायेचं. मळणीच्या खळ्यावर, भाताच्या राशीशेजारी बसून तिची कथा सांगतात. राहीच्या आजीने सांगितलेली, बापाने सांगितलेली. आणि आजी आणि बाप दोघंही कथा सुरू करायच्या आधी काय करत, ते तिला लख्ख आठवलं.

तिने भाषणाचा कागद मेजावर ठेवला आणि वर मास्तरांचा तांब्या ठेवला, उडू नये म्हणून.

“कथा सांगते,” ती डोंगरातल्या बोलीत, मोठ्या आवाजात म्हणाली. “मला हुंकारी पायजे.”

बोंबलांकडे गेलेली माणसं थांबली.

त्या डोंगरांत कथा अशीच उचलून सांगत नाहीत. सांगणाऱ्याने आधी एक हुंकारी निवडायचा. त्याने मुठीत नव्या भाताचे दाणे धरायचे आणि सांगणाऱ्याच्या प्रत्येक बोलाला “हां” किंवा “मंग?” म्हणायचं. कथा संपेस्तोवर त्याने उठायचं नाही, मूठ सोडायची नाही. हुंकार आला नाही तर सांगणाराही पुढे बोलत नाही. बिनहुंकाराची कथा वाऱ्याला जाते, आणि वारा तिच्यातलं दुःख कुणाच्याही घरात नेऊन टाकतो, असं मानतात. आणि कथा संपली की हुंकाऱ्याने सांगणाऱ्याला दान द्यायचं. बहुधा सूपभर भात, पण सांगणाऱ्याने दुसरं काही मागितलं तर तेही द्यावं लागतं.

“कोन पायजे हुंकारी?” कुणीतरी ओरडलं.

“ढवळूकाका.”

बाजारात एक हसण्याची लाट गेली. ढवळूची हाताची घडी सुटली.

“माझी खोड काढतेस व्हय गं?”

“मळणीचा महिना आहे, काका. कणसरीच्या नावानं हुंकार मागितला तर पाटील नाही म्हणतो का?”

नाही कसं म्हणणार? ढवळू पुरता अडकला, आणि अडकलो हे त्याला सगळ्यांआधी कळलं. त्याची बायको फागी बांगड्यांच्या दुकानापाशी होती. तिने आपल्या ओटीतल्या नव्या भाताचे चार दाणे आणून त्याच्या तळहातावर ठेवले आणि त्याची मूठ स्वतःच मिटली. “बस आता,” ती म्हणाली. “अन झोपू नको.”

खुर्चीत दिवाणसाहेब लेले मास्तरांकडे झुकले. “हे काय चाललंय?”

“मला नीटसं ठाऊक नाही, साहेब,” मास्तर म्हणाले. “पण बोंबील घेणारे परत आलेत.”

राहीने हात जोडले, कणसरीचं नाव घेतलं आणि सुरुवात केली.

“डोंगरात एक पोर होती.”

“हां.”

“तिला बोटीत बसवून दूर विलायतेला धाडलं.”

“हां. ती आमाला ठाव हाय.” हशा पिकला.

“ज्या गावी गेली, तिथे लोकरीच्या गिरण्या. घरांपेक्षा चिमण्या जास्त. धूर इतका की आभाळ दिसायचं नाही. त्या पोरीचा एक नेम होता. रविवारी सूर्याला हात जोडल्याशिवाय तोंडात घास घालायचा नाही.”

“मंग?”

“मग पहिला रविवार आला आणि सूर्यच आला नाही.”

“आँ?” ढवळू म्हणाला. हा काही हुंकार नव्हता, पण चालला. मागून एक म्हातारी ओरडली, “पावसाळा असंल! पावसाळ्यात नेमाला माफी असते!”

“पावसाळा कुठला, आजी? मार्गशीर्ष होता. मार्गशीर्षात माफी कुठली?”

“खरं हाय,” म्हातारी गंभीरपणे म्हणाली. “मार्गशीर्षात नाय.”

“सूर्य नाय, मंग भात कसा पिकतो तिथं?” ढवळूने विचारलं.

“पिकतच नाही. बटाटे खातात.”

बाजाराने विलायतेबद्दल हळहळ व्यक्त केली.

“तर ती पोर दुपारपर्यंत उपाशी. घरमालकीण गोरी म्हातारी, स्वभावाने मऊ. ती घाबरली. वाटलं, पोर आजारी आहे. खिडक्या उघडते, माळ्यावर चढते, सूर्य शोधते. पोर म्हणाली, आजी, मी डोंगरातली. सूर्य खाली येत नसेल तर आपण वर जाऊ. आणि गावाच्या मागे एक टेकडी होती, तिच्यावर चढायला लागली.”

“हां! मंग?”

“म्हातारी छत्री घेऊन मागे. धापा टाकते, थांब म्हणते, पोर थांबत नाही. धुकं गुडघ्याला, धुकं कमरेला, धुकं डोक्यावर. आणि माथ्यावर पाऊल ठेवलं तर धूर खाली, धुकं खाली, आणि समोर देव! हा एवढा. पिवळा जर्द. म्हातारी खाली बसली आणि रडायलाच लागली. म्हणाली, जन्म या गावात गेला, मार्गशीर्षातला सूर्य मी आज बघतेय.”

“हां,” ढवळू म्हणाला, आणि या वेळी त्याचा आवाज खाली आला होता. नेम धरणाऱ्याला देव वाट दाखवतोच. चालायचं मात्र आपल्यालाच असतं. हे डोंगरातल्या माणसाला कुणी समजावून सांगावं लागत नाही.

“मग दर रविवारी म्हातारी सोबत. मग शेजारच्या खोलीतली एक पोर सोबत, नाव तिचं नेली. मग तिच्या मैत्रिणी. पण ही झाली रविवारची गोष्ट. खरं संकट आलं सोमवारी.”

“मंग?”

“तिथली रीत अशी की शिकणाऱ्याने आपण लिहून आणायचं, आणि साऱ्या वर्गापुढे उभं राहून वाचायचं. पोरीची पाळी आली. तिने चांगलं लिहिलं होतं. उभी राहिली. पहिलं वाक्य वाचलं.”

“हां.”

“तू हां म्हणालास, काका. तिथे कुणी म्हणालं नाही.”

“आँ?”

“दुसरं वाक्य वाचलं. सगळा वर्ग चिडीचूप. हुं नाही की चूं नाही. तिसरं वाक्य वाचलं. सगळे टक लावून बघतात आणि तोंडं बंद. आता तूच सांग, हुंकार नाही तर ती पोर काय करील?”

सबंध बाजाराने एका तोंडाने उत्तर दिलं: “थांबंल!”

“थांबली. कागद मिटला आणि उभी राहिली. तिला वाटलं, यांना ऐकायचंच नाही. त्यांना वाटलं, हिला वाचताच येत नाही. तिथे गप्प बसणं म्हणजे मान देणं, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. शिकवणारी बाई म्हणाली, बस खाली. वर्ग संपल्यावर म्हणाली, पोरी, नाताळापर्यंत तू सगळ्यांपुढे लेख शेवटपर्यंत वाचून दाखवला नाहीस, तर पुढे या वर्गात बसून उपयोग नाही. घरी परत जा.”

राही थांबली आणि ढवळूकडे बघू लागली.

ढवळू गप्प.

मिशीत त्याचं थोडं हसू होतं. म्हातारा डोकेबाज. कथा मोडायची तर हीच जागा, हे त्याने बरोबर हेरलं होतं. हुंकार नाही, तर पुढचा बोल नाही. दाणे मुठीत आहेत, तो उठलेला नाही, रीत त्याने कुठेच मोडलेली नाही. फक्त गप्प बसलाय.

राहीही गप्प. दोन्ही हात पदरात घेऊन ती उभी राहिली, त्या वर्गात उभी राहिली होती तशीच. दिवाणसाहेबांनी मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांनी वडाकडे पाहिलं. कुठे तरी बैलाच्या गळ्यातली घंटा वाजली.

“अहो, द्या की हुंकार!” बोंबीलवाली म्हणाली.

“पाटला, गिळलास का जीभ?”

“पोरीला मधीच टांगून ठेवलं राव. गेली का ऱ्हायली ती?”

ढवळू हलला नाही. पण त्याच्या मिशीतलं हसू गेलं होतं. भुवया गोळा झाल्या होत्या. तो बघत होता राहीकडे, पण त्याच्या डोळ्यांपुढे दुसरंच काही होतं: परक्या मुलखात, तोंडं मिटलेल्या माणसांपुढे एकटी उभी राहिलेली सावळ्याची पोर. हाताची मूठ उघडझाप करायला बघत होती आणि तो ती आवळून धरत होता.

“अगं पन तिला कुनी सांगितलं का नाय तिथं?” तो एकदम फुटला. “येक बी हुंकारी मिळाला नाय पोरीला? मंग काय झालं ते सांग ना!”

सगळा बाजार हसला. बोंबीलवाली तर टोपलीवर पडायची राहिली. फागीने कपाळावर हात मारला आणि म्हणाली, “लढाई हरलास रे, म्हाताऱ्या!” ढवळू मात्र हसला नाही. त्याला पुढचं ऐकायचं होतं.

“मिळाला, काका,” राही म्हणाली. “रविवारी टेकडीवर ती रडली. नेलीने विचारलं, काय झालं? पोरीने सांगितलं. नेली म्हणाली, एवढंच ना? दुसऱ्या खेपेला पोर वाचायला उभी राहिली, पहिलं वाक्य संपलं, आणि पहिल्या बाकावरून नेली मोठ्याने म्हणाली, ‘अँड देन?’ म्हणजे त्यांच्या बोलीत ‘मंग?’”

“अँदेन,” ढवळूने जीभ घोळवून पाहिली. पोरंसोरं लगेच ओरडायला लागली, “अँदेन! अँदेन!”

“सगळा वर्ग हसला. मग दुसरी पोर म्हणाली. मग तिसरी. त्या दिवशी लेख शेवटपर्यंत गेला.”

“मंग?”

“मग त्यांची जुनी गाणी शिकायला घेतली. मेंढरं राखणाऱ्यांची, दर्यावर जाणाऱ्यांची. त्यांत दोन ओळी झाल्या की एक ओळ परत परत येते, तीच ती. बाईंनी विचारलं, ही ओळ परत का येते? कुणी म्हणालं, चालीसाठी. कुणी म्हणालं, ध्यानात राहावं म्हणून. पोर म्हणाली, बाई, ही ओळ गाणाऱ्याची नाही. ही ऐकणाऱ्यांची आहे. ज्याने गाणं रचलं त्याने हुंकाऱ्याला बसायला जागा ठेवलीय. तुमच्यात पण हुंकारी होते. गाणी कागदावर उतरली आणि हुंकारी उठून गेले, जागा तेवढी राहिली.”

ढवळू आता पुढे सरकून बसला होता. “मंग? बाई काय म्हनली?”

“बाईने हातातलं पुस्तक मिटलं. मग म्हणाली, हे लिही. वर्षभर पोरीने तेच लिहिलं. तिथली गाणी आणि इथली गाणी, शेजारी शेजारी मांडून. वर्ष सरलं तेव्हा बाईंनी सगळ्या विद्यापीठातली माणसं बोलावली आणि पोरीला वाचायला उभी केली. मोठमोठे पंडित, पांढऱ्या दाढ्या, काळे झगे. पोरीने आधी सांगितलं, गप्प बसाल तर मी थांबेन. आणि तिने त्यांना आपल्या कणसरीची कथा सांगितली, त्यांच्या बोलीत. पहिल्यांदा थोडी लाजली माणसं. पण कथा अर्ध्यावर आली तेव्हा सबंध दिवाणखाना हुंकार देत होता. दाढ्या हलत होत्या, काका!”

वडाखाली टाळ्या नाही पडल्या. तिथे टाळ्या वाजवत नाहीत. पण म्हाताऱ्या बायकांनी जिथे होत्या तिथून कणसरीला हात जोडले. आपली खळ्यावरची माय समुद्रापार जाऊन मानाने बसून आली, हे त्यांना टाळ्यांपेक्षा मोठं होतं.

“मंग त्यांनी ऱ्हा म्हनलं असंल,” ढवळू हळूच म्हणाला.

“म्हणाले. अजून एक वर्ष राहा म्हणाले. पुढे इथेच शिकव म्हणाले.”

“अन ऱ्हायली?” म्हाताऱ्याने तोंडून प्रश्न सोडला आणि मग त्याचं त्यालाच कळलं की उत्तर समोर उभं आहे. त्याने मान खाली घातली. “नाय ऱ्हायली,” तो स्वतःशीच म्हणाला.

“कथा पुरी,” राही म्हणाली.

ढवळू उठला. मूठ उघडून त्याने दाणे राहीच्या ओंजळीत घातले. दाणे घामाने ओले झाले होते.

“माग दान,” तो म्हणाला. “सूपभर भात देतो, दोन सुपं देतो.”

“भात नको, काका. तुझी नात बाळी शाळेत दे.”

एवढं सगळं होऊनही ढवळू म्हणजे ढवळूच. “मंग शेळ्या कोन राखील?”

“शेळ्या घेऊन येऊ दे.”

“शाळंत?”

“आवारात चरतील. पोरींची शाळा खिडकीला लागून भरवू, लक्ष राहील.”

“अन लावणीच्या दिसांत?”

“लावणीला शाळा बंद. मीही येईन लावणीला.”

ढवळू आणखी काही शोधत होता. फागीने त्याला कोपराने बाजूला केलं. “हुंकार तू दिलास ना? दान मी देते,” ती म्हणाली, आणि बांगड्यांच्या दुकानापाशी तोंडात बोट घालून उभ्या असलेल्या बाळीला हाताला धरून आणून तिने राहीपुढे उभी केली. “घे बाय. पन हिचं नाक तूच पुसायचं.”

मग बांध फुटला. ज्यांच्या आतेला बसल्या जागी गोष्टी शिकवता आल्या असत्या असल्या बाया पुढे, मार्गशीर्षात माफी नाही म्हणणारी म्हातारी दोन नातींना ढकलत पुढे, पोशेऱ्याची घरं पुढे, आणि ती आली म्हणून पलीकडच्या पाड्यांची. शिपाई मागे सरा म्हणायला लागला आणि लेले मास्तर त्याला “तूच सर रे!” म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा ते कुणावर ओरडले असतील.

दिवाणसाहेब खुर्चीतून उठले. गर्दीतून वाट काढत ते राहीपर्यंत आले आणि, जे त्यांना ओळखत होते त्यांना नवल वाटावं असं, त्यांनी आधी नमस्कार केला.

“राहीबाई, एका वर्गात मावणार नाहीत या. दोन काढावे लागतील,” ते म्हणाले. “शाळा कधीपासून म्हणू?”

“उद्यापासून, साहेब.”

“अहो, इमारत?”

“धर्मशाळेची पडवी आहे.”

“अन तू ऱ्हानार कुठं?” हे विचारायला सुकरी पुढे आली होती. “अंथरुन नाय, पांघरुन नाय, सकाळपासून पोटात भाकर नाय!”

“आमच्यात ऱ्हाईल,” फागी म्हणाली. तो विषय तिथेच मिटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन वडाच्या खाली उतरलं तेव्हा दरबारचा मुक्काम हलत होता. शिपायांनी सतरंजी गुंडाळली, खुर्ची गाडीत चढवली. तेवढ्यात पोशेऱ्याच्या वाटेने धूळ उठली. पुढे बाळी, तिच्यामागे पोरींची रांग, कुणाच्या काखेत धाकटं भावंड, कुणाच्या हातात भाकरीचं फडकं, आणि त्यांच्या मागेपुढे, आजूबाजूला शेळ्या. शेळ्याच शेळ्या. शाळेला आलेल्या पोरी किती आणि शेळ्या किती हे सांगणं कठीण, पण शेळ्यांची सरशी होती एवढं नक्की. पडवीच्या पायरीवर राही सूर्याला हात जोडून नुकतीच वळली होती. पहिल्या शेळीने थेट वडाखालचं मेज गाठलं आणि दिवाणसाहेबांचा झेंडूचा हार खायला सुरुवात केली.

शिपाई काठी घेऊन धावला.

“राहू दे,” दिवाणसाहेब घोड्यावर बसता बसता म्हणाले. “तीही शाळेतलीच आहे.”